सहा तास दळलेली माती

आमच्या प्रयोगशाळेत माती दळणारा माणूस एकच होता. कागदोपत्री ते परिचर होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. मी तिथे लागल्यापासून तीन संचालक आले-गेले, संस्थेचं बोधचिन्ह दोनदा बदललं, 'दृष्टी आणि ध्येय' असा एक फलक दारात लागला, पडला आणि पुन्हा लागला. दळण्याच्या खोलीतला अकीक या कठीण दगडाचा खल आणि त्यापुढे बसलेले भाऊ तेवढे होते तिथेच राहिले. आम्ही जे काही मोजत होतो, छापत होतो आणि ज्याबद्दल एकमेकांना शाली पांघरवत होतो, ते सगळं आधी त्यांच्या हाताखालून जात असे.

त्यांना एकच सूचना होती. वीस मिनिटं, ओली करून, हलक्या हातानं. ही सूचना मीच दिली होती. कारण सांगितलं नव्हतं. कारण सांगायची पद्धत आमच्याकडे नाही. सूचना वरून खाली येते आणि कारण वरच राहतं.

कारण खरं तर कुणालाही कळेल असं होतं. चिकणमातीचा कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चवड. कचेरीतल्या फायलींचे गठ्ठे डोळ्यांसमोर आणा. एखादा कडेला कड लावून दोरीनं बांधलेला असतो. एखाद्यात प्रत्येक फाईल थोडी फिरलेली, थोडी सरकलेली असते. आणि एखादा बाहेरून नीटस दिसतो, पण आत मध्येमध्ये ओले कागद घुसलेले असतात. हा शेवटचा वाईट. पाणी मिळालं की ते मधले थर फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, आणि त्यांच्या डोक्यावर जे उभं असेल ते वर-खाली होतं. चवडीतली ही अव्यवस्था मोजणं हे माझं काम. मातीवर क्ष-किरण सोडायचे आणि ते कोणत्या कोनातून किती जोरानं परत येतात त्याचा आलेख काढायचा. नीट रचलेली माती उंच, टोकदार शिखर देते. विस्कटलेली माती बुटका, पसरट उंचवटा देते. ओले कागद लपवणारी माती शिखर देते खरी, पण त्याचा डावा पाय लांब ओढलेला असतो, डोंगराच्या एकाच बाजूनं दरड घसरावी तसा. आमच्या कामात भिण्यासारखं जे असतं ते त्या डाव्या पायात. आता हीच माती जास्त दळली, तर चवडच चिरडून जाते. मग शिखर राहत नाही आणि पायही राहत नाही. बुटका उंचवटा उरतो, आणि तो निसर्गानं केला की दळणाऱ्यानं, हे आलेख सांगत नाही.

म्हणून वीस मिनिटं. हे एवढं मी भाऊंना कधीही सांगू शकले असते. खोली माझ्या टेबलापासून बारा पावलांवर होती.

मग नवं यंत्र आलं. जुनं यंत्र एका आलेखाला अर्धा दिवस घ्यायचं, आणि नंतर माणसाला तो आलेख पाहत बसावं लागे. नवं यंत्र दहा मिनिटांत काम आटपून शेवटी स्वतःच एक आकडा सांगत असे, दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत. या आकड्याचं नाव 'अव्यवस्था निर्देशांक' असं ठेवण्यात आलं. संचालकांना तो फार आवडला. पाहत बसण्याचा भाग त्यांना पूर्वीपासूनच खटकत होता.

उद्घाटन जानेवारीत ठरलं. पाहुण्यांनी बटण दाबायचं आणि पडद्यावर निकाल उमटायचा, अशी योजना. आत खरा नमुना हवा होता. "काहीतरी स्थानिक घ्या, आपल्या मातीतलं," असं संचालक म्हणाले.

त्या दुपारी भाऊ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, माह्या प्लॉटची टाकता का?"

"कुठला प्लॉट?"

"हुडकेश्वरचा. घर बांधून राहिलो ना. नागपूरचीच झाली की ते माती."

भाऊ तीस वर्षं नागपूरच्या वाडी भागात, गोदामांच्या मागे, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. ट्रक गेला की फळीवरची भांडी वाजत. त्यांची आई ऐंशीच्या पुढची, छप्पन साली बापाचं बोट धरून दीक्षेला नागपुरात आलेली. तिचं एकच म्हणणं होतं, की डोळे मिटायचे ते स्वतःच्या घरात. भाऊंची निवृत्ती दीड वर्षावर होती. त्याआधी घर उभं राहायला हवं होतं.

"ठेकेदार म्हणते काळी माती काढली, चार फुटावर मुरूम लागला," ते सांगू लागले. "माती चांगली निघाली तं तिथंच थांबू म्हणते. नाई तं आठ-दहा फूट खाली जा लागन. तुमी पाहून सांगा. तुमी म्हणान तसं."

त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. आतली ढेकळं पिवळसर-तांबूस होती. विदर्भात काळ्या मातीवर कुणी भरवसा ठेवत नाही. ती उन्हाळ्यात पाय जाईल एवढी फाटते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण पिवळ्या-तांबड्या मातीला सगळे मुरूम म्हणतात, आणि मुरूम म्हटलं की निर्धास्त होतात. मीही त्या रंगाकडे पाहून थोडी निर्धास्त झालेच.

"द्या," मी म्हटलं. "दळून ठेवा."

उद्घाटनाच्या दिवशी यंत्राला झेंडूची माळ घातली होती. पाहुण्यांना शाल, श्रीफळ आणि संस्थेचं बोधचिन्ह असलेला मातीचा घट दिला. हा घट आम्ही बाहेरून विकत आणला होता. पाहुण्यांनी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. यंत्राचं दार पूर्ण बंद झाल्याशिवाय क्ष-किरण सुटत नाहीत, आणि दारात माळेतलं एक फूल अडकलं होतं. लाल दिवा लागत-विझत होता. संचालकांनी "सुरक्षिततेची अत्याधुनिक व्यवस्था" असं म्हणून वेळ मारून नेली, आणि भाऊंनी पुढे होऊन दोन बोटांनी ते फूल काढलं.

दहा मिनिटं भाषणं झाली. मग पडद्यावर आलेख आला आणि खाली आकडा उमटला, सत्त्याऐंशी पूर्णांक काहीतरी.

"सत्त्याऐंशी!" पाहुणे म्हणाले. "डिस्टिंक्शन!"

टाळ्या वाजल्या. निर्देशांक जितका मोठा तितकी माती विस्कटलेली, हे सांगायला कुणाला सवड नव्हती. मी आलेखाकडे पाहत होते. एक बुटका उंचवटा, ओल्या पोत्यासारखा बसलेला. शिखर नाही, डावा पाय नाही. असा आलेख मी आमच्याकडच्या मातीचा कधी पाहिला नव्हता. पण मागे चहा आणि आलूबोंडे मांडले जात होते, फोटोसाठी सगळ्यांना डावीकडे सरकायला सांगत होते, आणि मी डावीकडे सरकले.

यंत्रानं एका पानाचा अहवालही आपणहून छापला. त्यात एक ओळ होती, 'फुगणारी माती: आढळली नाही.' खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा होती. संचालकांनी पाहुण्यांच्या समोर पेन पुढे केलं आणि मी सही केली. एक प्रत भाऊंनी मागून घेतली. आमच्या भाषेत 'आढळली नाही' म्हणजे 'आम्हाला दिसली नाही'. आम्ही कशी पाहिली होती, हा प्रश्न त्या पानावर नव्हता.

पुन्हा एकदा नीट करून पाहू, असं मी स्वतःला सांगितलं होतं. पण पुढचे दोन महिने त्या यंत्रापुढे शाळा, महाविद्यालयं आणि निरनिराळ्या समित्या फोटो काढत होत्या. नंतर त्याचा थंडावा देणारा भाग बिघडला. हे सगळं खरं आहे. हेही खरं आहे की जुनं यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं आणि त्याची किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये होती.

एप्रिलमध्ये भाऊ पेढे घेऊन आले. घराचा स्लॅब टाकून झाला होता.

"पाया किती फूट घेतला?" मी विचारलं.

"चारच. तुमचा कागद दाखवला ना ठेकेदाराले. लॅमिनेशन करून ठेवला त्यानं, ऑफिसात लावला. म्हणे असा कागद माह्या कोनत्याच गिऱ्हाईकाकडं नाई." ते हसले. "आई म्हणते, मॅडमले पयला पेढा दे."

मी पेढा हातात धरून होते. मग विचारलं, "भाऊ, ती माती किती वेळ दळली होती?"

"ते?" त्यांचा चेहरा एकदम खुलला. "ते खलात नाई केली मॅडम. गोळ्यांच्या चक्कीत टाकली. सहा तास. घरचं काम, म्हटलं नीट पायजे. दुसऱ्याच्या मातीले वीस मिनिटं देतो आपण, घाईचं काम असते. हे पार मैद्यावानी केली. पाह्यलं ना तुमी, एक कण लागत नव्हता हाताले."

गोळ्यांच्या चक्कीत पोलादी गोळे असतात. ती आम्ही दगड फोडायला वापरतो. तिच्यात चिकणमाती सहा तास कोरडी फिरवली, तर आत जे जे होतं ते सगळं मोडतं. चांगलं असो, वाईट असो. आम्ही वाजतगाजत मोजलेली अव्यवस्था हुडकेश्वरच्या जमिनीची नव्हतीच. ती एका माणसाच्या घरावरच्या प्रेमाची होती, आणि तिच्याखाली जमिनीची खरी अवस्था पुरली गेली होती.

ते गेल्यावर मी दळण्याच्या खोलीत गेले. उरलेली ढेकळं कापडी पिशवीत तशीच होती. वर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'हुडकेश्वर, घर'. मी माझ्या हातानं वीस मिनिटं दळली. जुनं यंत्र उघडून धूळ पुसली. अर्ध्या दिवसानं आलेख आला. शिखर होतं. आणि त्याचा डावा पाय लांब, खूप लांब ओढलेला होता.

मग जे जानेवारीत करायला हवं होतं ते केलं. तीच माती काचेवर पातळ लावून बंद भांड्यात ग्लायकॉल या रसायनाच्या वाफेत ठेवली. फुगणारे थर असले की ते ती वाफ पितात आणि आलेखावरची आपली जागा सोडतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोडली.

तरी मन मानेना, म्हणून रॉकेलची परीक्षा केली. ही परीक्षा कुठलाही इमारतीचा कंत्राटदार करू शकतो. दोन मोजनळ्या घ्यायच्या, दोन्हींत सारखीच माती, एकीत रॉकेल, दुसरीत पाणी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, आणि पाण्यात ती खरं बोलते. चोवीस तासांनी पाहायचं. मी दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर लवकर गेले. रॉकेलमधली माती बाराच्या रेघेवर बसली होती. पाण्यातली एकवीसवर गेली होती, आणि मी पाहत असताना तिच्या पृष्ठभागातून एक बुडबुडा सुटला. या परीक्षेला जेवढा खर्च येतो, त्यापेक्षा जास्त यंत्राच्या झेंडूच्या माळेला आला होता.

संचालकांकडे गेले. त्यांनी दोन्ही आलेख लांब धरून पाहिले.

"म्हणजे उद्घाटनाचा नमुना चुकला, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"हो."

"वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे तो." त्यांनी आलेख टेबलावर ठेवले. "आपण असं करू. याला वेगळा नमुना समजू. नमुना क्रमांक दोन."

जमिनीला मात्र क्रमांक दोन नव्हता.

त्या दिवशी दुपारी मी भाऊंच्या दळण्याच्या खोलीत जाऊन दार लोटलं आणि सगळं सांगितलं. फायलींचे गठ्ठे, ओले कागद, डावा पाय, वीस मिनिटांचं कारण. तीस वर्षांत पहिल्यांदा. ते खलावर हात ठेवून ऐकत होते.

"म्हंजे म्या दळली म्हणून," शेवटी ते म्हणाले.

"नाही भाऊ. का दळायची नाही ते मी सांगितलं नाही म्हणून. आणि सही माझी आहे."

"तुमी तेव्हाच काहून नाई सांगितलं गा मॅडम?" पुरुषाला लावायचा तो 'गा' त्यांच्या तोंडून चुकून निघाला, नेहमीचं अंतर विसरून. कशाबद्दल विचारतायत, दळण्याबद्दल की उद्घाटनाच्या दिवसाबद्दल, हे मी विचारलं नाही.

मग ते म्हणाले, "आता वर स्लॅब आहे." आणि खल धुवायला घेतला, जो धुतलेलाच होता.

ओळखीच्या एका अभियंत्याला मी फोनवर विचारलं. तो म्हणाला, भिंतींपासून पाणी लांब ठेवा, चारही बाजूंनी सिमेंटचा पट्टा करा, झाडं लावू नका. बाकी काय होतं ते पाहा. भाऊंनी सगळं केलं. आईनं भिंतीशी लावलेली पपईही त्यांनी उपटली, तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. दसऱ्याला बुद्धवंदना करून ते राहायला गेले. मीही गेले होते. खीर झाली, फोटो झाले. मी जेवताना भिंतींच्या कोपऱ्यांकडे पाहत होते आणि भाऊ माझ्याकडे.

हिवाळाभर काही झालं नाही. आम्ही दोघं एकमेकांना त्याबद्दल विचारत नव्हतो. फेब्रुवारीत त्यांनी सुताराला बोलावून मागच्या खोलीचं चौकटीत अडकणारं दार तासून घेतलं, हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. मार्चमध्ये पुन्हा तासलं. मग या एप्रिलच्या एका रविवारी फोन आला.

"या एकदा, मॅडम. पाहून जा."

हुडकेश्वरच्या आतल्या गल्लीत दुपारी ऊन पांढरं झालं होतं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर वरची काळी माती फाटली होती, आणि भेगांत कुणीतरी भाजीची देठं टाकली होती. भाऊंच्या मागच्या खोलीत, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून जमिनीकडे तिरपी भेग गेली होती. सुरीचं पातं शिरेल एवढी. तिच्या कडेनं पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेशी तारीख. भाऊंचं अक्षर, नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर असायचं तेच, नीट आणि सरळ. मी रेघांमधलं अंतर पाहिलं. वरच्या दूर-दूर होत्या, खालच्या जवळ-जवळ.

"मंदावली ना?" त्यांनी विचारलं.

"पाऊस यायला अजून दोन महिने आहेत," मी म्हटलं. "आता जमीन आकसतेय. तेव्हा उलटं होईल."

आई खाटेवर बसून आमच्याकडे पाहत होती. तिची खाट मधल्या भिंतीला लागून होती, भेगेच्या समोर.

"काहून वं बाई," ती म्हणाली, "हे घर पडन का?"

"आई, राहू दे ना," भाऊ म्हणाले.

"तू गप ना गा. तिले विचारून राहिली मी. ते शिकेल आहे." मग मला, "सांग ना वं. खरं सांग. मले काय दहा वर्सं राहायचं आहे? मायं होऊन गेलं. याचं काय?"

मी आयुष्यभर मातीची अव्यवस्था दशांशापर्यंत मोजली आहे. मी म्हटलं, "सांगता येत नाही, आई. लगेच नाही पडायचं. पण भेगा वाढतील. या खोलीत तुम्ही झोपू नका."

"वाडीले ट्रक जाये तं भांडे वाजत," ती म्हणाली. "इथं कोनी जात नाई, तरी रातची आवाज करते हे भिंत. म्या याले सांगितलं, तं म्हणे तुले भास होते."

भाऊंनी तिच्या चपला खाटेजवळ सरकवल्या. मग म्हणाले, "चाल, तुले पुढच्या खोलीत नेतो. तिकडं बरं आहे. तिकडं काही नाई."

"आत्ता?"

"आत्ताच."

ती उठून दाराशी जाऊन उभी राहिली आणि गादी कशी धरायची ते सांगू लागली. एका बाजूनं भाऊंनी खाट धरली, दुसऱ्या बाजूनं मी. जुनी लाकडी खाट, जड होती. आम्ही ती मधल्या भिंतीपासून हातभर ओढली आणि भाऊ थांबले.

खाटेमागे, जिथे दसऱ्यापासून कुणी पाहिलं नव्हतं, फरशीपासून कमरेएवढी एक भेग वर गेली होती. ही भिंत दोन्ही खोल्यांची. हिच्या पलीकडेच पुढची खोली.

"काय झालं गा?" आईनं दारातून विचारलं. "काहून थांबले?"

"काही नाई," भाऊ म्हणाले. त्यांनी खाट खाली ठेवली, शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली, भिंतीशी उकिडवे बसले आणि भेगेच्या टोकाला रेघ मारून आजची तारीख लिहिली.